जाहिरातीमुळें वाचक दुरावतो काय ?

यजमानानें पाहुण्याला पान वाढून बसवावें, आणि पहिला घांस तोंडांत जाण्यापूर्वींच एखाद्या तिऱ्हाईत इसमानें आंत येऊन साबणाच्या वड्या विकावयास सुरुवात करावी. अशा घरीं तो पाहुणा पुन्हां येईल काय? प्रश्न वरवर थट्टेचा वाटतो. परंतु इंटरनेटवर संकेतस्थळ चालविणाऱ्या प्रत्येकाला, मग तो मोठ्या वृत्तपत्राचा मालक असो कीं घरबसल्या पाककृति लिहिणारी एखादी गृहिणी असो, हाच प्रश्न भेडसावीत असतो. परक्यांच्या जाहिराती घ्याव्यात तर वाचक कंटाळून निघून जाईल ही भीति. न घ्याव्यात तर खर्च कोठून भागवावा ही विवंचना.

हा प्रश्न इंटरनेटबरोबर जन्मास आला असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तो वर्तमानपत्राइतकाच जुना आहे. गेल्या अडीचशें वर्षांत वर्तमानपत्रें, मासिकें, नभोवाणी आणि आतां संकेतस्थळें यांनीं त्याची आळीपाळीनें परीक्षा दिली आहे. त्या परीक्षांचे निकाल ओळीनें मांडून पाहिले म्हणजे उत्तर नुसत्या ‘होय’ किंवा ‘नाहीं’ या शब्दांत कां देतां येत नाहीं, हें सहज ध्यानांत येतें.

आरंभींच दोन गोष्टी निराळ्या केल्या पाहिजेत. दुकानदार स्वतःच्या दुकानावर पाटी लावतो, ती घरची जाहिरात होय. ती पाहून कोणी रागावत नाहीं. कारण ती वाचावयासच माणूस तेथें थांबलेला असतो. इ. स. १९२० मध्यें शंकरराव किर्लोस्करांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्रक काढलें, तें नांगर करणाऱ्या कारखान्याचें पत्रक होतें. पुढें त्याचेंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालें, आणि महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत तें आवडीनें वाचलें जाऊं लागलें. कारखान्याचें नांव मुखपृष्ठावर असूनहि वाचक बिचकला नाहीं. तिऱ्हाइताच्या जाहिरातीची गोष्ट वेगळी आहे. तेथें जागा एकाची, माल दुसऱ्याचा, आणि लक्ष मात्र तिसऱ्याचें म्हणजे वाचकाचें. वाचक लेख वाचावयास येतो. पत्रकर्ता त्याचें लक्ष मोजून घेऊन व्यापाऱ्याला विकतो. या व्यवहारांत वाचकाला कोणी विचारलेलें नसतें. म्हणून तो आपलें मत पायांनीं देतो, म्हणजे राहतो किंवा निघून जातो.

प्रारंभींच्या काळांत मात्र हा झगडा फारसा नव्हताच. २९ जानेवारी १७८० रोजीं जेम्स ऑगस्टस हिकी यानें कलकत्त्यास हिंदुस्थानांतील पहिलें छापील वर्तमानपत्र काढलें. त्याच्या लांबलचक नांवांत ‘बेंगॉल गॅझेट’ या शब्दांबरोबर ‘कॅलकटा जनरल ॲडव्हर्टायझर’ हेहि शब्द होते. जाहिरात ही लपविण्याची वस्तु नसून मिरविण्याची वस्तु होती. लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राचें पहिलें पान तर पिढ्यान् पिढ्या बारीक टाइपांतील जाहिरातींनीं भरलेलें असे. तेथें पहिल्या पानावर बातम्या छापण्यास ३ मे १९६६ पासून प्रारंभ झाला. जहाज केव्हां सुटणार, घर कोठें भाड्यानें मिळणार, कोणाला नोकर पाहिजे, ही माहिती त्या काळच्या वाचकाला संसदेंतील भाषणांइतकीच अगत्याची वाटे. ती जाहिरात जागची हलत नसे, वाचकाच्या अंगावर धांवून येत नसे, आणि ज्याला नको तो पान उलटून पुढें जाऊं शके. या तीन गुणांची आठवण पुढें वारंवार ठेवावी लागणार आहे.

त्या काळीं जाहिरातीचा खरा शत्रु वाचक नसून सरकार होतें. इंग्लंडांत इ. स. १७१२ पासून प्रत्येक जाहिरातीवर कर होता. इ. स. १८३३ मध्यें तो साडेतीन शिलिंगांवरून दीड शिलिंगावर आला, आणि १८५३ मध्यें पूर्णपणें उठला. कर उतरला तशा जाहिराती स्वस्त झाल्या, आणि वर्तमानपत्रांचें पोट त्यांच्यावर भरूं लागलें.

याच सुमारास अमेरिकेंत व फ्रान्समध्यें एक मोठी क्रांति घडली. ३ सप्टेंबर १८३३ रोजीं न्यूयॉर्क शहरांत बेंजामिन डे या मुद्रकानें ‘सन्’ नांवाचें दैनिक एक सेंट किंमतीस विकण्यास सुरुवात केली. त्या वेळीं प्रतिष्ठित दैनिकांची किंमत सहा सेंट असे. पांच सेंटांची तूट जाहिरातदारांनीं भरून काढावी असा त्याचा हिशेब होता, आणि तो खरा ठरला. पाठोपाठ १ जुलै १८३६ रोजीं पॅरिस येथें एमिल द जिरार्दँ यानें ‘ला प्रेस’ हें दैनिक काढलें. इतर पत्रांची वार्षिक वर्गणी ८० फ्रँक असतां यानें ती ४० फ्रँक ठेविली. अर्धी किंमत वाचकानें द्यावी व उरलेली व्यापाऱ्यानें, असें हें उघड गणित होतें.

हें गणित जुन्या पत्रकारांना मानवलें नाहीं. विचारांचें पत्र व्यापाऱ्याच्या पैशावर चालणार असेल तर विचार कोणाचे राहणार, हा त्यांचा आक्षेप होता. वाद इतका विकोपास गेला कीं ‘ल नासिओनाल’ पत्राचा नामांकित संपादक आर्माँ कारेल आणि जिरार्दँ यांच्यांत २२ जुलै १८३६ रोजीं पिस्तुलांचें द्वंद्वयुद्ध झालें. जिरार्दँच्या मांडीला गोळी लागली. कारेलच्या पोटांत गोळी शिरली, आणि दोन दिवसांनीं तो मरण पावला. जाहिरातीच्या जोरावर स्वस्त झालेल्या पत्रापायीं एका संपादकाचा प्राण गेला. वाचकांनीं मात्र आपला कौल स्वस्ताईच्या बाजूनें दिला. येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. वाचक जाहिरातींसाठीं आले नाहींत. ते कमी किंमतीसाठीं आणि त्या पत्रांतील मजकुरासाठीं आले. त्याच वर्षीं ‘ला प्रेस’नें बाल्झाकची कादंबरी क्रमशः छापावयास घेतली होती. जाहिरात ही त्यांनीं स्वस्ताईचा मोबदला म्हणून सहन केली. ज्याला सोसणें म्हणतात तें आणि ज्याला आवडणें म्हणतात तें, या दोहोंत अंतर आहे.

सोसण्यालाहि सीमा असते, हें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसून आलें. त्या वेळीं अमेरिकेंतील मासिकें गुप्त घटकांच्या रामबाण औषधांच्या जाहिरातींनीं तुडुंब भरलेलीं असत. एकच बाटली खोकल्यापासून अर्धांगवायूपर्यंत सर्व विकार बरे करते असें त्यांत बिनदिक्कत लिहिलेलें असे. ‘लेडीज् होम जर्नल’ या स्त्रियांच्या मासिकानें इ. स. १८९२ मध्यें असल्या औषधांच्या जाहिराती घेणें बंद केलें. हातचें मोठें उत्पन्न सोडून देणें हा वेडेपणा आहे असें वाटणें साहजिक होतें. परंतु त्या मासिकाचा खप घटला नाहीं. उलट १९०३ च्या सुमारास दहा लाखांवर गेला. सर्वच श्रेय या निर्णयाला देणें योग्य नव्हे. मासिकाची किंमत कमी होती व मजकूरहि चांगला होता. तथापि एवढें निश्चित झालें कीं, जाहिरातदाराला नाहीं म्हणणारा संपादक दिवाळखोर होतोच असें नाहीं.

महात्मा गांधी यांनीं या बाबतींत टोंकाची भूमिका घेतली. दक्षिण आफ्रिकेंत ‘इंडियन ओपिनियन’ या पत्रांत त्यांनीं आरंभीं जाहिराती घेतल्या व पुढें बंद केल्या. हिंदुस्थानांत ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ हीं पत्रें हातीं घेतल्यावर त्यांनीं पहिल्यापासूनच जाहिरात नाकारली. एके काळीं या दोन पत्रांचा खप प्रत्येकीं चाळीस हजारांच्या आसपास गेला होता, असें त्यांनीं आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. परंतु प्रत्येक पत्राच्या पाठीशीं गांधी नसतात, हेंहि विसरतां येत नाहीं.

याचा प्रत्यय न्यूयॉर्क शहरांत आला. १८ जून १९४० रोजीं राल्फ इंगरसोल यानें ‘पी. एम्.’ नांवाचें दैनिक काढलें. त्यांत एकहि जाहिरात घ्यावयाची नाहीं अशी प्रतिज्ञा होती. पाठीशीं मार्शल फील्ड या धनिकाचा पैसा होता, लेखक उत्तम होते, छायाचित्रें उत्कृष्ट होतीं. जाहिरात वाचकाला पिटाळून लावीत असेल, तर या पत्रावर वाचकांची झुंबड उडावयास पाहिजे होती. तसें घडलें नाहीं. मौजेची गोष्ट अशी कीं, शहरांतील दुकानांत कोठें काय स्वस्त मिळतें याची माहिती वाचकांना हवी असल्यामुळें, ‘पी. एम्.’नें दुसऱ्या पत्रांतील जाहिरातींचा गोषवारा बातमी म्हणून छापला. जिला दारांतून हांकलून दिलें, ती जाहिरात खिडकींतून आंत आली. खर्च भागेना, म्हणून १९४६ च्या अखेरीस प्रतिज्ञा मोडून जाहिराती घेणें भाग पडलें. इंगरसोलनें राजीनामा दिला, आणि १९४८ च्या जून महिन्यांत पत्रच बंद पडलें. जाहिरात नसणें हें कोणत्याहि पत्राचें पोट भरूं शकत नाहीं, हा त्याचा धडा.

याच्या उलट दाखला ‘रीडर्स डायजेस्ट’ या मासिकाचा आहे. इ. स. १९२२ मध्यें निघालेलें हें मासिक अमेरिकेंत तेहतीस वर्षें जाहिरातीवांचून चाललें. खर्च वाढला तेव्हां चालकांनीं वाचकांनाच विचारलें : किंमत वाढवावी कीं जाहिराती घ्याव्यात ? फार मोठ्या बहुमतानें वाचकांनीं जाहिरातींच्या बाजूनें मत दिलें. एप्रिल १९५५ पासून त्या सुरू झाल्या, आणि वाचक पळाले नाहींत. खप पुढेंहि कित्येक वर्षें वाढत राहिला. येथें दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली, वाचकाला आधीं विचारलें गेलें. दुसरी, दारू व तंबाखू यांच्या जाहिराती चालकांनीं दारांतूनच परत पाठविल्या. पाहुण्याची संमति घेतली आणि आंत येणाराची निवड केली, म्हणजे पाहुणा उठून जात नाहीं.

आतां नभोवाणीकडे वळावयास हरकत नाहीं. कारण छापील पानावरची जाहिरात डोळ्यांनीं ओलांडतां येते, परंतु कानावर पडणारी जाहिरात ओलांडतां येत नाहीं. २८ ऑगस्ट १९२२ रोजीं न्यूयॉर्कच्या डब्ल्यू. ई. ए. एफ्. या केंद्रावरून एका घरबांधणी कंपनीनें जॅक्सन हाइट्स येथील बिऱ्हाडांची तारीफ करणारें दहा मिनिटांचें भाषण पैसे देऊन करविलें. अमेरिकेंत ध्वनिक्षेपणाला जाहिरातीचा हा मार्ग सांपडला. इंग्लंडांत त्याच वर्षीं बी. बी. सी. स्थापन झाली, तिनें मात्र श्रोत्यांच्या परवाना-शुल्कावर संसार चालविण्याचें ठरविलें. हिंदुस्थानची आकाशवाणीहि प्रथम याच दुसऱ्या वाटेनें गेली.

महाराष्ट्रांतील घराघरांत या दोन वाटांचा सामना प्रत्यक्ष झाला, तो १९५२ सालीं. त्या वर्षीं माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनीं शास्त्रीय संगीताच्या प्रेमापोटीं आकाशवाणीवरील चित्रपट-गीतांना जवळजवळ अर्धचंद्र दिला. आकाशवाणीवर जाहिरात नव्हती. अभिरुचि उच्च होती. हेतूविषयीं शंका नव्हती. तिकडे कोलंबोहून रेडिओ सिलोन जाहिराती घेऊन चित्रपट-गीतें ऐकवीत होता. ३ डिसेंबर १९५२ पासून तेथें अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दंतमंजनाचें नांव कार्यक्रमाच्या नांवालाच जोडलेलें होतें. तरीहि बुधवारीं रात्रीं रेडिओचा कांटा कोलंबोकडेच वळत असे. जाहिरातीच्या तिटकाऱ्यानें श्रोता पळतो हें मत खरें असतें, तर सिलोन ओस पडून आकाशवाणी गजबजावयास पाहिजे होती. झालें अगदीं उलट. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं आकाशवाणीनें ‘विविध भारती’ सुरू करून श्रोत्यांचें मन राखलें, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणें व नागपूर या केंद्रांवर जाहिरातीहि सुरू झाल्या. त्या ऐकून महाराष्ट्रानें रेडिओ बंद केला नाहीं; पुष्कळ घरांतील मुलांना तर जाहिरातींचीं पदें तोंडपाठ झालीं.

इतका इतिहास पाहिल्यावर संकेतस्थळांच्या चालकांनीं निर्धास्त व्हावें असें वाटेल. पण येथेंच कथानक पालटतें.

संकेतस्थळावरील पट्टीवजा जाहिरातीचा प्रारंभ म्हणून २७ ऑक्टोबर १९९४ हा दिवस सांगितला जातो. ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकन संकेतस्थळावर ए. टी. अँड टी. या दूरध्वनी कंपनीची लांबट पट्टी झळकली, आणि ती पाहणाऱ्या शंभरांपैकीं चव्वेचाळीस जणांनीं ती दाबून पाहिली असें म्हणतात. नव्याची नवलाई ती. पुढें हें प्रमाण शंभरांत एकाच्याहि खालीं आलें. वाचकांनीं न पाहण्याची कला साध्य केली होती. १९९८ मध्यें बेनवे व लेन या अमेरिकन संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, जाहिरातीसारख्या दिसणाऱ्या पट्टींत वाचकाच्या कामाचीच माहिती ठेविली तरी ती त्याच्या नजरेस पडत नाहीं. वर्तमानपत्राचा वाचक जें पान उलटून करीत असे, तेंच संकेतस्थळाचा वाचक डोळ्यांवर पडदा ओढून करूं लागला.

येथपर्यंत तडजोड बरी होती. परंतु न पाहणाऱ्याला पाहावयास लावण्याची ईर्ष्या जाहिरातदारांना झाली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस ‘ट्रायपॉड’ या संस्थेंत आपोआप उघडणारी निराळी खिडकी निघाली. तिचा जन्म मोठा चमत्कारिक आहे. एका मोटार कंपनीची जाहिरात एका अश्लील पानावर जाऊन बसली, व कंपनी संतापली. म्हणून जाहिरात पानापासून अलग करून वेगळ्या खिडकींत दाखविण्याची युक्ति ईथन झुकरमन यांनीं बसविली. जाहिरातदाराची अब्रू वांचली, पण वाचकाच्या डोळ्यांसमोर खिडक्यांची रांग लागली. २०१४ मध्यें झुकरमन यांनीं जाहीर लेख लिहून याबद्दल क्षमा मागितली. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरली. जाहिरात हलूं लागली, मजकूर झांकूं लागली, न विचारतां मोठ्यानें बोलूं लागली. ‘टाइम्स’च्या पहिल्या पानाचे जे तीन गुण, ते तिन्ही एकामागून एक नाहींसे झाले.

वाचकानें याचें उत्तर दोन रीतींनीं दिलें. कांहीं निघून गेले. कांहींनीं घरांत राहून दाराला कडी घातली : २००२ मध्यें हेन्रिक सोरेन्सेन या डॅनिश विद्यार्थ्यानें जाहिराती अडविणारें ‘ॲडब्लॉक’ हें साधन लिहिलें, आणि त्या जातीचीं साधनें हळूहळू कोट्यवधि लोकांनीं वापरावयास घेतलीं. त्याच २००२ सालीं विकिपीडियावर आणखी एक घटना घडली. पुढेंमागें जाहिराती घ्याव्या लागतील असा नुसता उल्लेख निघाला, तोंच स्पॅनिश भाषेंतील पुष्कळसे लेखक वेगळे झाले व फेब्रुवारींत त्यांनीं स्वतःचा निराळा ज्ञानकोश सुरू केला. तेथें जाहिरात आलीहि नव्हती. पण विनामूल्य श्रम करणाऱ्या माणसाला, आपला घाम कोणी विकणार आहे ही शंकाच पुरेशी झाली. विकिपीडियानें तेव्हांपासून देणग्यांचा मार्ग धरला आहे. २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडियाहि त्याच देणग्यांवर पोसला जातो.

जुन्या पत्रकर्त्यांना जें कधीं साधलें नाहीं तें संकेतस्थळांना साधतें : वाचक किती वेळ थांबला, केव्हां गेला, पुन्हां आला कीं नाहीं, याची अचूक मोजदाद. त्यामुळें या जुन्या वादांत प्रयोगाचा पुरावा आला. २०१३ मध्यें गोल्डस्टीन, मॅकॅफी व सुरी या संशोधकांनीं कांहीं लोकांना पैसे देऊन टपाल निवडण्याचें काम दिलें, आणि कोणाला त्रासदायक जाहिराती, कोणाला चांगल्या, तर कोणाला मुळींच नाहीं, अशी वांटणी केली. त्रासदायक जाहिराती पाहणारे लवकर काम सोडून गेले. चांगल्या जाहिराती पाहणारे आणि मुळींच न पाहणारे यांच्यांत फारसा फरक पडला नाहीं. निघून गेलेल्यांना थोपवून धरावयास जितका पैसा लागला असता, तितका त्या जाहिरातींतून मिळत नव्हता. म्हणजे यजमानानें दोन रुपयांसाठीं चार रुपयांचा पाहुणा घालविला.

दुसरा प्रयोग इंटरनेटवरील ‘पँडोरा’ या अमेरिकन नभोवाणीचा. तेथें सुमारे साडेतीन कोटि श्रोत्यांचे नऊ गट पाडून प्रत्येक गटाला २१ महिने वेगवेगळ्या प्रमाणांत जाहिराती ऐकविल्या. ज्यांना अधिक जाहिराती ऐकाव्या लागल्या त्यांनीं कमी वेळ ऐकलें, आणि कांहींनीं ऐकणें सोडलें. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष काळाविषयीं आहे. एकाच महिन्यानंतर मोजणी थांबविली असती तर जेवढी हानि दिसली असती, तिच्या तिप्पट हानि २१ महिन्यांच्या शेवटीं दिसली. वाचक किंवा श्रोता पहिल्या दिवशीं उठून जात नाहीं. तो हळूहळू येईनासा होतो. अंगाला लागलेली वाळवी दिसत नाहीं, तसें हें आहे.

साध्या अंकगणितानें हें समजेल. समजा, एका संकेतस्थळाचें उत्पन्न दरमहा शंभर रुपये आहे. मालकानें जाहिराती वाढविल्या, व तें एकदम एकशें दहा झालें. तो खूष झाला. परंतु त्या जाहिरातींमुळें दरमहा शेंकडा दोन वाचक गळूं लागले, तर पांच महिन्यांनंतर उत्पन्न पुन्हां शंभराच्या खालीं जातें, आणि वर्षाअखेर तें सुमारें शहाऐंशी रुपये उरतें. पहिल्या महिन्याचा हिशेब पाहून जो निर्णय घेतो तो फसतो. गूगलच्या संशोधकांनीं २०१५ मध्यें हीच गोष्ट प्रसिद्ध केली. अधिक व सुमार जाहिराती दाखविल्या तर लोक जाहिरातींकडे पाहण्याचेंच सोडून देतात असें आढळल्यामुळें त्या कंपनीनें मोबाइलवरील शोधाच्या पानावर जाहिराती निम्म्यानें कमी केल्या. व्यापाऱ्याच्याच हिशेबांत संयम फायद्याचा ठरला.

तथापि नाण्याची दुसरी बाजूहि मोजली गेली आहे. २०१८ मध्यें शिलर, वॉल्डफोगल व रायन यांनीं दाखविलें कीं, ज्या संकेतस्थळांचे अधिक वाचक जाहिराती अडवितात, त्या स्थळांकडील वर्दळ कालांतरानें घटते. कारण उघड आहे : उत्पन्न आटलें कीं लेखकाला मोबदला नाहीं, मजकूर निकृष्ट होतो, आणि मग वाचक त्या निकृष्ट मजकुराला कंटाळून जातो. ‘पी. एम्.’ची कहाणी पुन्हां नव्या वेषांत येते. जाहिरात फार झाली तरी वाचक जातो, आणि ती मुळींच नसली तरी, दुसरी सोय नसेल तर, घरच बसतें.

तिऱ्हाइताच्या जाहिरातीला इंटरनेटवर आणखी एक दोष जडला आहे, तो छापील पानाला ठाऊक नव्हता. हिकीला आपल्या पत्रांत काय छापलें जातें हें माहीत असे. खिळे त्याच्याच छापखान्यांत जुळत. संकेतस्थळाचा मालक मात्र पुष्कळदां नुसती रिकामी चौकट ठेवतो. वाचक येतांक्षणींच दूरच्या यंत्रांवर त्या चौकटीचा लिलाव होतो, आणि जो अधिक बोली बोलेल त्याचा माल तेथें झळकतो. कोण आंत आलें हें यजमानालाच ठाऊक नसतें. सप्टेंबर २००९ मध्यें ‘न्यूयॉर्क टाइम्स’सारख्या जबाबदार पत्राच्या संकेतस्थळावर एका भामट्यानें प्रतिष्ठित दूरध्वनी कंपनीचें सोंग घेऊन जाहिरात मिळविली, आणि वाचकांना खोट्या विषाणूची भीति घालून खोटें औषध विकण्याचा घाट घातला. अर्धांगवायु बरा करणारी ती जुनी बाटलीच पुन्हां बाजारांत आली. फसला वाचक, पण अब्रू गेली यजमानाची.

शिवाय ही जाहिरात नुसती बोलत नाहीं, ती पाहतेहि. कोणी कोणतें पान किती वेळ वाचलें याची खूणगांठ ती वाचकाच्या यंत्रांत ठेवून जाते, आणि तोच वाचक दुसऱ्या स्थळीं गेला तर त्याला ओळखते. एखाद्या घरांत कोणी मधुमेहाविषयीं वाचलें, कीं दिवसभर साखरेच्या गोळ्यांच्या जाहिराती पाठलाग करतात. अशा वेळीं वाचकाला कंटाळा नव्हे, तर भय वाटतें. कंटाळलेला पाहुणा कधींतरी परत येतो. भ्यालेला येत नाहीं. युरोपीय संघानें २५ मे २०१८ पासून अंमलांत आणलेला वैयक्तिक माहितीचा कायदा, आणि भारताच्या संसदेनें २०२३ मध्यें केलेला तत्सम कायदा, हे या भयाचेच पडसाद होत. जाहिरातदारांना व संकेतस्थळांनाहि हळूहळू शहाणपण आलें. २०१६ मध्यें त्यांनीं एक मंडळ स्थापून अंगावर येणाऱ्या खिडक्या, आपोआप वाजणाऱ्या चित्रफिती, मजकूर अडवून ठेवणाऱ्या जाहिराती असे प्रकार त्याज्य ठरविले, आणि १५ फेब्रुवारी २०१८ पासून गूगलचें ‘क्रोम’ हें साधन, असल्या जाहिराती दाखविण्याचा हट्ट न सोडणाऱ्या स्थळांवरील जाहिरातीच अडवूं लागलें.

महाराष्ट्राच्या वाचकाला या सर्व इतिहासाचें सार समजण्यासाठीं फार दूर जावयास नको. १९०९ मध्यें ‘मनोरंजन’ मासिकानें दिवाळी अंकाची प्रथा पाडली. तेव्हांपासून दिवाळी अंकांच्या पानोपानीं पेढीवाले, तेलवाले, सराफ यांच्या जाहिराती असतात, आणि त्यांच्या आधारावांचून कित्येक अंक निघालेच नसते. मराठी कुटुंबानें त्या जाहिरातींमुळें दिवाळी अंक टाकून दिला नाहीं. कारण ती जाहिरात कथेच्या मध्येंच उडी घेत नाहीं, वाचकाचें नांव विचारीत नाहीं, आणि ती कोणाची आहे हें संपादकाला ठाऊक असतें. मात्र ज्या अंकांत मजकूर कमी व जाहिराती अधिक, तो अंक पुढील वर्षीं त्या घरीं येत नाहीं. आणि याबद्दल संपादकाला पत्र लिहिण्याचे श्रमहि कोणी घेत नाहीं.

तेव्हां उत्तर असें द्यावें लागतें : जाहिरात असल्यामुळें वाचक जात नाहीं, जाहिरात वाट अडवूं लागली, खोटें बोलूं लागली, वेळ खाऊं लागली किंवा पाळत ठेवूं लागली, म्हणजे तो जातो. स्वस्तांत किंवा फुकट मिळणाऱ्या चांगल्या मजकुरासाठीं तो बरेंच सोसतो. पण त्या सोसण्याचा हिशेब तो मनांत ठेवीत असतो. संकेतस्थळाच्या मालकाला आलेल्या वाचकांची संख्या रोज दिसते. न आलेल्यांची कोठेंच दिसत नाहीं. आणि बहुतेक स्थळें बुडतात तीं त्या न दिसणाऱ्या संख्येनें. ओसरी द्यावयास हरकत नाहीं. मात्र माजघराची किल्ली यजमानानें आपल्याच कनवटीला ठेवावी.